गुरांची वाट, रोगाची वाट (भाग ६) : दात बघणारा हात

मागच्या भागात बुळकांडीचा शेवट पाहिला. २००६ साली भारत आणि २०११ साली सारं जग त्या रोगातून मोकळं झालं. आज गोठ्यात शिरणारे रोग वेगळे आहेत, लाळ्या-खुरकुत आणि लंपी, पण त्यांची वाट जुनीच, बाजाराची.

निंबर्गा हे याच वाटेवरचं, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, आळंद तालुक्यातलं गाव. तालुक्याच्या शेजारी अक्कलकोट आणि उमरगा, दोन्ही महाराष्ट्रात. लाळ्या-खुरकुताला इकडे कन्नडमध्ये 'कालुबायी' म्हणतात, लंपीला 'चर्मगंटू'. नावं दोन असली तरी गुरांचा व्यवहार एकच: बिदर-उदगीरकडची देवणी आणि सोलापूर-विजयपूरकडची खिलार या पट्ट्यात हातोहात फिरतात.

बैलाचा सौदा एकदा जवळून बघा. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, येतो, बैलाचा जबडा फाकवतो. दुसा, चौसा, सहादाती की जुळलेला? दातांवरून वय आणि वयावरून भाव. मग तोच ओला हात धोतराला पुसला की पुढच्या बैलाच्या तोंडात. किंमत मात्र उपरण्याखाली, बोटं दाबून. भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून एवढी काळजी. लाळ तिसऱ्याला लागू नये म्हणून कुणी हात धूत नाही. लाळ्या-खुरकुताचा विषाणू फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लाळेतून बाहेर पडू लागतो. तेव्हा बैल रवंथ करत उभा असतो, डोळे तेजदार, चाल सरळ. त्याला विकणाऱ्यालाही काही ठाऊक नसतं.

ठाऊक असूनही विकणारे असतात. शेजारच्या गोठ्यात जनावर तापलं की आपली बाजाराला काढायची, हा प्रकार जुनाच. मी त्याला नुसती लबाडी म्हणणार नाही. बैल ही ज्याची एकमेव ठेव, तो ती बुडण्याआधी मोडणारच.

लंपीचं तंत्र निराळं. तिला प्रामुख्याने डास, चावऱ्या माश्या आणि गोचीड वाहून नेतात. १९२९ साली आजच्या झांबियात दिसलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात उतरला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला गाईंच्या अंगावर गाठी दिसल्या. महिनाभरात सारा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, गुरांचे बाजार बंद पडले. पण माशी एवढी लांब उडत नाही. राज्याराज्यांतून रोग गेला तो जनावराबरोबर, टेम्पोतून. बाजार बंद झाल्यावरही सौदे थांबले असं कुणी समजू नये. ते बांधावर झाले, अंधारात, पावतीविना. बाजारात निदान पावती फाटते, त्यामुळे रोगाचा माग काढता येतो.

भरपाईचंही ऐका. २०२२ च्या साथीत लंपीने गाय दगावली तर महाराष्ट्रात ३० हजार मिळत, कर्नाटकात २० हजार. बैलाला उलट: महाराष्ट्रात २५ हजार, कर्नाटकात ३० हजार. वासराला कर्नाटकात ५ हजार, महाराष्ट्रात १६ हजार. विषाणू एकच, मरण एकच, दर मात्र सीमेप्रमाणे.

लस आहे. लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी टोचतात, लंपीसाठी शेळ्यांच्या देवीची वापरतात. मात्र टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या बैलगाड्यांसह मराठवाड्यातून कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी टोचलेल्या लसीचा रस्त्यात काडीचा उपयोग नसतो. तळावर शंभर बैल एकाच हौदावर पाणी पितात.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी नंबर असतो. जनावर कुठलं, लस कधी टोचली, हे त्यावरून कळू शकतं. विकत घेताना दात बघता तसा तो नंबरही बघा, पावतीवर लिहून घ्या, आणि नवं जनावर महिनाभर दावणीपासून लांब बांधा.