पाव्हणं, गाव कोणतं?

आपल्याकडे चहा येण्याआधी हा प्रश्न येतो. गावाचे नाव कळले की विचारणारा मनातल्या मनात पुष्कळ काही ताडतो. जमीन काळी की मुरमाड, विहिरीला पाणी किती दिवस, पोरगी द्यावी की न द्यावी! शाळेत ज्याला मानवी भूगोल म्हणतात, तो आपल्या आयाबायांना असा तोंडपाठ असतो.

आता आपला जालना जिल्हाच पाहा ना. १ मे १९८१ रोजी तो वेगळा झाला. औरंगाबादचे चार तालुके आले आणि परभणीतून परतूर आले. पुढे तालुक्यांचे आठ झाले. कागदावर रेघ ओढली, पण सोयरिकी थोड्याच हलतात? परतूरचे पाहुणे अजून सेलू-जिंतूरला. जाफराबादकरांचा बाजार देऊळगाव राजाशी, आणि मधली सीमा तर एकेकाळी निजामाच्या मुलखाची. म्हणून आजोबांच्या पेटीत उर्दू कागद निघतात.

उत्तरेला भोकरदनकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा, पूर्णेचे खोरे आणि मिरचीचे मळे. दक्षिणेला गोदाकाठ. तिथे जायकवाडीचा डावा कालवा आला आणि अंबड-घनसावंगीच्या शिवारात ऊस उभा राहिला. त्याच तालुक्यांतली, तशीच मंठा-परतूरकडची कितीतरी कुटुंबे मात्र दसरा झाला की कोयते बांधून परमुलखात ऊस तोडायला निघतात. घरी म्हातारी माणसे, आणि पोरांची शाळा अर्ध्यावर. कालव्याचे पाणी ज्याच्या रानात पोचले नाही, त्याला गाव सोडावे लागते. एकाच गावात हे दोन्ही प्रकार दिसतात.

मोसंबीची गोष्ट तर साऱ्यांना ठाऊक. चार-पाच वर्षे लेकरासारखे जपावे, तेव्हा झाड फळ देते. २०१२ साली पावसाने दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी टँकर विकत घेऊन बागा जगवल्या. ज्यांना ते झेपले नाही, त्यांनी आपल्याच हाताने कुऱ्हाड लावली. बहात्तरच्या दुष्काळात धान्य नव्हते, या खेपेला पाणीच नव्हते, असे जुनी माणसे म्हणत. पुढे २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला खरा, पण तोडलेली बाग काही परत येत नाही!

त्याच वर्षी जालना तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा हिरव्या होत्या. पाऊस तिथेही कमीच पडला होता. पण १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने गावाने पाणलोटाची कामे केली होती. बांध घातले, नाले अडवले, नंतर शेकडो शेततळी खोदली. जमीन तीच, आकाश तेच. बदलली ती वहिवाट. त्याबरोबर घरेही बदलली, आणि कामासाठी बाहेर जाणारे गाव बाहेरून मजूर बोलवू लागले.

तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले तर ठीक. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून, प्लॅस्टिक अंथरून भरले, तर जमिनीखालचे सामाईक पाणी एकाच्या तळ्यात येऊन पडते, शिवाय उन्हाने त्याची वाफही होते. मग शेजारच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. ज्याच्या पदरी पैसा, त्याचे तळे मोठे. शेजाऱ्याने तक्रार कोणाकडे करायची? बांध कोरला तर मोजणी मागवता येते. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो.