उभ्या घोड्याची विद्या

नेरळहून वर चढणारा घाट दस्तुरी नाक्यावर संपतो आणि तिथेच गाडीची चावी खिशात जाते. माथेरानमध्ये मोटारीला मज्जाव आहे. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि अलीकडे आलेल्या मोजक्या ई-रिक्षा सोडल्या, तर पुढचा प्रवास पायी, झुकझुक गाडीत किंवा घोड्यावर. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले आणि इंग्रजांना थंड हवेचं आणखी एक ठिकाण मिळालं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांनी उभारलेल्या मार्गावरून छोटी रेल्वे धावू लागली. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. एवढ्या काळात घोड्याचं काम काही सुटलं नाही. आजही चारशेहून अधिक घोडे इथे माणसं वाहतात, शिवाय गॅसचे सिलिंडर, भाजीपाला आणि बांधकामाचं सामानही त्यांच्या पाठीवरून जातं.

घोडा म्हटला की पर्यटकाच्या डोळ्यांसमोर दौड येते. पण ज्याच्या दावणीला चार-पाच जनावरं आहेत, त्या अश्वपालाच्या लेखी चांगला घोडा वेगळा असतो. खोगिरावर घाबरट मूल चढवताना, माकडाने शेजारच्याच्या हातातलं वेफर्सचं पाकीट ओढताना, कुणी तोंडाजवळ मोबाइल धरून फोटो काढताना जो जागचा हलत नाही, तो घोडा घर चालवतो. पळणं घोड्याला जन्मतः येतं. उभं राहायला शिकवावं लागतं. आणि शिकवणीच्या आधी पोट, खूर आणि सोबत या तीन गोष्टी जागेवर असाव्या लागतात. रोजचं बहुतेक काम त्यांच्यासाठीच असतं.

पोटाचं घड्याळ

बैल भराभर खाऊन घेतो आणि निवांत बसून रवंथ करतो. घोड्याला ती सोय नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, आणि त्यातलं आम्ल खाणं असो वा नसो, सतत पाझरत राहतं. चाऱ्याचं खरं आंबवण पुढे मोठ्या आतड्यात होतं, तिथल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. म्हणून मोकळ्या कुरणातला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत असतो. दावणीच्या घोड्याला हे मिळत नाही. मग पाळणाऱ्यालाच ते कुरण तुकड्या-तुकड्यांनी आणून द्यावं लागतं. पहाटे गवत, मग पाणी, मग चंदी, दुपारी परत गवत, आणि रात्रीसाठी सगळ्यांत मोठा भारा.

हिशेब सोपा आहे. घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो. अडीचशे किलोच्या तट्टाला चार-पाच किलो. चार तट्टं असतील तर सोळा ते वीस किलो. हरभरा, ओट, गव्हाचा कोंडा यांची चंदी कामाच्या प्रमाणात. मिठाचा खडा चाटायला. पाणी साध्या दिवशी बारा-पंधरा लिटर, मे महिन्यात घाम गाळल्यावर त्याहून कितीतरी जास्त. माथेरानच्या माथ्यावर शेती नाही, म्हणजे यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खालून चढवून आणायची, आणि ती वाहायलाही बहुतेक वेळा घोडाच.

खाण्यात अचानक केलेला बदल जिवावर बेततो. आज कडबा, उद्या एकदम ओला लसूणघास किंवा लाडाने दिलेली दुप्पट चंदी, की आतड्यातलं गणित बिघडतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं त्याच वाटेने बाहेर काढायची मुभा निसर्गाने त्याला दिलेली नाही. त्यामुळे जुना जाणता माणूस सकाळी आधी लीद बघतो, घोडा नंतर. लीद पडली का, किती पडली, कोरडी आहे का, तिच्यात अख्खे दाणे दिसतात का. अख्खे दाणे दिसले तर दुखणं पोटाचं असेलच असं नाही. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून थोडे थोडे वर सरकत राहतात आणि झिजतात. झीज वाकडी झाली की कडा धारदार होऊन गालाला टोचतात. मग घोडा घास अर्धवट चावून खाली पाडतो. अशा वेळी दात कानशीने घासून घ्यावे लागतात. पोट दुखत असेल तर खुणा निराळ्या: वळून वळून कुशीकडे बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, मध्येच बसून लोळणं. तेव्हा घरगुती काढ्यात वेळ घालवायचा नसतो, डॉक्टरला बोलवायचं असतं.

लाल माती आणि लोखंड

खूर म्हणजे आपल्या नखाचाच जाडजूड प्रकार. तो महिन्याला साधारण सहा ते नऊ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाची फेरी ठरलेली. जुना नाल काढायचा, वाढलेला खूर छाटून सपाट करायचा, नाल खुराला बेतून बसवायचा. खिळे बाहेरच्या कडेतून जातात. तिथे संवेदना नसते. खिळा थोडा जरी आतल्या बाजूला गेला तरी दुसऱ्या दिवशी घोडा लंगडतो. नाल खुराप्रमाणे घडवायचा असतो. खूर नालाप्रमाणे कापला की घोटा आणि गुडघा त्याची किंमत मोजतात.

नालबंद दोन महिन्यांनी येतो. मधले सगळे दिवस मालकाचे. रोज चारही पाय उचलून लोखंडी आकडीने खडे, माती, लीद काढायची. तळव्याच्या मधला त्रिकोणी, रबरासारखा भाग दाबून बघायचा. तिथून कुजका वास आला तर तबेल्यातली ओल वाढली आहे. चार घोड्यांचे सोळा पाय, सकाळी एकदा आणि काम संपल्यावर एकदा.

माथेरानच्या रस्त्यांचा वाद पर्यटकाला गावकीचं भांडण वाटतो. त्याची एक बाजू या सोळा पायांशी जोडलेली आहे. जांभ्याच्या लाल मातीत नाल रुततो आणि पकड देतो. उतारावरच्या गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर लोखंड घसरतं, शिवाय टणक पृष्ठभागाचा प्रत्येक धक्का सांध्यात जातो. उलट मातीचा रस्ता पावसात धुपून जातो, धूळ उडते, म्हातारी माणसं आणि रुग्ण यांचे हाल होतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. घोडेवाल्यांनी ब्लॉकना विरोध केला त्यामागे धंद्याची चिंता होती, तशी खुराचीही होती.

दावणीतला मान

घोडा कळपाचा प्राणी आहे, आणि चार घोड्यांचाही कळप होतो. त्यात एक जण वडीलधारा असतो, बहुधा एखादी पोक्त घोडी. तिने कान मागे पाडले की बाकीचे बाजूला होतात. हा क्रम पाळणाऱ्याला ठाऊक नसला तर रोज दुगाण्या झडतात. चंदीचा तोबरा आधी तिच्या तोंडाला. कमजोर घोड्याला एका टोकाला, लांब बांधून खायला घालायचं, नाहीतर त्याचा वाटा शेजारी फस्त करतो आणि महिनाभराने त्याच्या बरगड्या दिसू लागतात. रस्त्यावर रांग लावतानाही तेच. कोण कुणाच्या मागे शांत चालतो, कोण मागून कुणी आलेलं सहन करत नाही, यावर कुटुंबातल्या कुणाला कोणत्या घोड्यावर बसवायचं ते ठरतं.

झोपेचंही तसंच. पायातल्या स्नायुबंधांची रचना अशी असते की घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो, म्हणून तो कधी आडवा होत नाही असा आपला समज. गाढ झोपेसाठी त्यालाही अंग टाकावंच लागतं, आणि जागा कोरडी असेल, शेजारी विश्वासाचा सोबती जागा असेल, तरच तो ते टाकतो. ओल्या, अरुंद तबेल्यात रात्र काढलेला घोडा सकाळी चिडका का, याचं उत्तर अनेकदा इथे मिळतं.

भीतीची उजळणी

आता शिकवणी. शिंगरू सहा महिन्यांचं झालं की आईपासून तोडतात, पण हाताची सवय त्याआधीच लावलेली बरी. मान, पोट, पाय चोळायचे, खूर उचलायचा, म्होरकी घालून चार पावलं चालवायचं. पुढे अंगावर गोणपाट टाकायचं, काढायचं, परत टाकायचं. मग रिकामं खोगीर. तंग एकदम आवळायचा नाही. एक भोक, चार पावलं, मग दुसरं भोक. पाठीवर वजन सर्वांत शेवटी. घोडा तिसऱ्या वर्षी मोठा दिसू लागतो, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच वर्षांच्या पुढेमागे अवधी लागतो. कमाईच्या घाईत लवकर खोगीर चढवलेला घोडा दहाव्या वर्षी म्हातारा होतो.

घोड्याला धाक कळतो, पण तो शिकतो धाक सुटल्यावर. दोरी ताणली, त्याने एक पाऊल पुढे टाकलं, त्याच क्षणी दोरी सैल झाली, तर त्याला समजतं की पाऊल टाकणं हे उत्तर होतं. पाऊल टाकल्यावरही दोरी ताणलेलीच राहिली, तर पुढच्या वेळी तो पाऊल टाकणार नाही, मान झटकेल. चाबकाने शिकवलेला घोडा म्हणूनच भरवशाचा नसतो. सुटका नेमकी कशाने होते ते त्याला कधी उमगलेलंच नसतं, तो फक्त वाट बघत असतो.

त्याच्या डोळ्यांची रचना समजून घेतली तर बुजण्याचं अर्धं कोडं सुटतं. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोर अगदी जवळचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून समोरून थेट नाकावर हात नेला की तो दचकतो, आणि मागून गुपचूप गेलं की लाथ बसते. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याची नजर बसायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. माथेरानची दाट झाडी म्हणजे पावलोपावली उन्हाचे कवडसे आणि काळी सावली. नवा घोडा एखाद्या सावलीपाशी अडला तर तो हट्टीपणा नसतो. तिथे खड्डा आहे की नाही हे तो ठरवत असतो. त्याला थांबू द्यायचं, पोक्त घोडीला पुढे काढायचं, तिच्या मागोमाग तो जातो. झुकझुक गाडीची शिटी, उडती प्लॅस्टिकची पिशवी, पोरांचा कल्ला या सगळ्यांची अशीच उजळणी होते, लांबून जवळ आणि थोड्यापासून जास्तीकडे. काही महिने असे गेले की घोडा पिशवी उडाली तरी फक्त कान वळवतो.

सत्तर किलोंची रेघ

भारवाहू जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. तट्टाच्या पाठीवर सत्तर किलोंपेक्षा जास्त ओझं नको; दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको; सलग पाच तासांनंतर विश्रांती हवी; पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. घोड्यांचे जाणकार आणखी एक ठोकताळा सांगतात: खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. अडीचशे किलोच्या तट्टाला हे पन्नास किलो होतात, म्हणजे एक मूल आणि खोगीर. सत्तर किलोच्या माणसाला, खोगिराचे दहा किलो धरून, चारशे किलोचा घोडा लागतो. लहान चणीचा घोडा काटक असतोच. मराठ्यांच्या फौजा भीमथडीच्या तट्टांवर उत्तरेपर्यंत गेल्या, २०२३ मध्ये राज्यगीत झालेल्या गाण्यातही त्यांना मान आहे, आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड ती आजही वाहतात. पण काटकपणालाही वजनाची मर्यादा असते.

या धंद्याचं सगळ्यांत अवघड गणित पावसाळ्याचं. नेरळहून येणारी रेल्वे पावसाळ्यात बंद असते, घोडेस्वारी मंदावते, घोड्याची भूक मात्र तेवढीच. चाऱ्याला बुरशी लागते, खूर कुजतात, गोमाश्या सर्रासारखा रक्ताचा आजार पसरवतात. धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही, कारण घोड्याला त्याचा धोका फार. ग्लँडर्स हा तर माणसालाही होणारा रोग. तो निष्पन्न झाला की उपचार नाहीत, घोडा कायद्यानुसार मारावा लागतो. त्यात डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणं थांबावं हे योग्यच. दस्तुरी ते बाजार हे अंतर यंत्राकडे गेलं तर घोड्याच्या वाट्याला पॉइंटांची फेरी उरेल, म्हणजे हौसेची सवारी. हौसेच्या सवारीत गिऱ्हाईक घोडा निवडून घेतं.

तेव्हा निवडताना भाव ठरवण्याआधी दोन मिनिटं घोड्याकडे बघा. खोगिराच्या कडेला आणि तंगाखाली जखम किंवा केस गेलेला पट्टा आहे का? तोंडापाशी हात नेल्यावर कान सरळ राहतात की मागे पडतात? आणि तो उभा कसा आहे? मागचा एक पाय सैल सोडून, थोड्या वेळाने दुसरा सोडून उभा असेल, तर तो निवांत आहे. ती त्याची बसण्याचीच पद्धत समजा. पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार टाळत असेल, तर तो दुखतो आहे. अशा वेळी दुसरा घोडा मागा आणि का मागता तेही सांगा. दुखऱ्या घोड्याला गिऱ्हाईक मिळत नाही हे एकदा दिसलं, की विश्रांतीचा दिवस मालकालाही तोट्याचा वाटत नाही.