फाल्गुनातले रोजे आणि शिंका

हिजरी कालगणना चंद्रावर चालते, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेली काही वर्षे तो फाल्गुनाच्या आसपास येतो आहे. म्हणजे होळी, पानगळ, गहू-हरभऱ्याची मळणी, वाऱ्यावर उडणारा भुस्सा आणि घराघरांत चोंदलेली नाकं. एरवी शिंका सुरू झाल्या की माणूस एखादी गोळी घेतो, गरम पाण्याचे दोन घोट घेतो. रोजेदाराला पहाटेच्या सहेरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत, सध्याच्या दिवसमानात सुमारे तेरा तास, तीही सोय नसते.

हे दुखणं नवं नाही. अकराशे वर्षांपूर्वी इराणातील रय शहराचे थोर हकीम अबू बक्र राझी यांनी एका वेगळ्याच प्रश्नावर स्वतंत्र टिपण लिहिलं होतं. वसंतात गुलाबाचा वास घेतला की विद्वान अबू झैद बल्खी यांना सर्दी का होते, हा तो प्रश्न. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द फार पुढे, 1906 मध्ये, व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिला. आपल्याकडे मुस्लिम घरांत याला अजूनही ‘नजला’च म्हणतात, शेजारच्या घरात ‘पडसं’.

दोष मात्र भलत्यालाच दिला जातो. पळस, पांगारा, सावर लालभडक फुलले की लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात. ही फुलं बिचारी निर्दोष. त्यांचे पराग जड आणि चिकट, ते पक्ष्यांच्या चोचीला आणि मधमाशांच्या पायांना लागून जातात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे हलके पराग. वावळाच्या झाडाची बारीक फुलं कुणाच्या नजरेतही भरत नाहीत, पण त्यांचे पराग नाकात जातात. गवतांचंही तसंच. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेलं गाजर गवत तर आता गावोगावी आहे. शिवाय घरातल्या धुळीत आणि गाद्या-गालिच्यांत राहणारे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे बारमाही असतात.

घरगुती उपायांत डॉक्टरही ज्याला मान देतात तो एक म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. योगात त्याला जलनेती म्हणतात. नमाजापूर्वीच्या वुजूमध्येही तीन वेळा नाकात पाणी घेऊन नाक साफ केलं जातं, चेहरा धुतला जातो. दिवसातून पाच वेळा असं झालं की पापण्यांवर, दाढीवर, नाकाच्या तोंडाशी बसलेले पराग निघून जातात. नाक खोलवर धुण्याचा फायदा अर्थात यापेक्षा जास्त. मात्र रोजा असताना नाकात पाणी जोराने ओढू नये, अशी पैगंबरांची शिकवण आहे, कारण ते घशात उतरू शकतं. म्हणून जलनेती इफ्तारनंतर करावी. तरावीहला, म्हणजे रमजानमधील रात्रीच्या जादा नमाजाला, निघण्यापूर्वीची वेळ सोयीची.

पण पाणी कोणतं, इथे गफलत जिवावर बेतू शकते. नळाचं किंवा टाकीचं पाणी तसंच नाकात खोलवर घेऊ नये. उबदार, क्लोरीन नसलेल्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असतो. ते पाणी प्यायल्याने काही होत नाही, पण नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मग रुग्ण सहसा वाचत नाही. 2008-09 मध्ये कराचीत असे रुग्ण सापडले. त्यांतले बहुतेक पोहायला गेलेच नव्हते, त्यामुळे वुजूच्या पाण्याकडे संशयाने पाहिलं गेलं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने जलनेती करणारे दोघे दगावले. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरून वुजू सोडण्याचं कारण नाही. मशिदीची टाकी वेळेवर धुवून क्लोरीन टाकलं जातं का, हे विश्वस्तांना जरूर विचारावं. आणि नेतीसाठी पाणी खळखळून उकळावं, झाकून कोमट होऊ द्यावं. पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ पुरे. आयोडीनच्या मिठाने काहींना चुरचुरतं, त्यांनी औषध दुकानातली तयार पुडी घ्यावी. भांडं दर वेळी धुवून कोरडं करावं.

मध आणि कलौंजी यांना रमजानमध्ये मोठा मान. कलौंजीने नाकाचा त्रास काहीसा कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, पण तिच्या भरवशावर औषध बंद करू नये. गावचा मध खाल्ला की तिथल्या परागांची सवय होते, ही समजूत मात्र टिकत नाही. मधमाशी जाते रंगीत फुलांवर, शिंका येतात त्या वाऱ्यावरच्या परागांनी. मध घशाला बरा वाटतो, तेवढ्यासाठी खावा. जोशांदा, आल्याचा काढा, हळदीचं दूध यांचंही तेच. वाफेने घटकाभर नाक मोकळं होतं, पण उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलांपासून दूर हवं.

तरावीहचा एक मुद्दा सहसा कुणी बोलत नाही. वीस रकात म्हणजे चाळीस सजदे, आणि प्रत्येक सजद्यात कपाळाबरोबर नाकही गालिच्याला टेकतं. वर्षभर न झटकलेल्या गालिच्यातली धूळ थेट श्वासात जाते. गालिचे बाहेर उन्हात टाकावेत, आतल्या आत झटकू नयेत. ज्याला त्रास आहे त्याने स्वतःचा धुतलेला सुती जानमाज न्यावा. मंगल कार्यालयातल्या सतरंज्यांनाही हे लागू आहेच. घरात उशांचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावेत, लोबान आणि अगरबत्तीचा धूर बंद खोलीत नको, अत्तरही बेताने. पराग उडतात त्या दिवसांत कपडे गच्चीऐवजी घरात वाळवावेत.

दमा असलेल्यांची गोष्ट वेगळी. रोजा मोडेल या भीतीने काहीजण इन्हेलर घरी ठेवून येतात. इन्हेलरने रोजा तुटतो की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण आजाऱ्याने रोजा सोडून नंतर भरून काढावा, ही सवलत कुरआननेच दिलेली आहे. छातीत घरघर सुरू झाली, एक वाक्य सलग बोलता येईना, तर घड्याळाकडे न पाहता इन्हेलर घ्यावा आणि दवाखाना गाठावा. नाकातला रोजचा स्प्रे, अ‍ॅलर्जीची गोळी यांच्या वेळा सहेरी-इफ्तारला बसवता येतात का, हे डॉक्टरांना आताच विचारून घ्यावं. झोप आणणारी गोळी सहेरीला घेऊन सकाळी दुचाकी चालवू नये. तिची वेळ रात्री, तरावीहहून परतल्यावर.