रायगडाचा खाटीक आणि इंग्रज वकील

शिवराज्याभिषेकाची गोष्ट निघाली की हेन्री ऑक्झिंडेनचं नाव येतंच. मुंबईचा हा इंग्रज वकील 1674 च्या मे महिन्यात रायगडावर पोहोचला. 6 जूनच्या सोहळ्यात त्याने महाराजांना हिऱ्याची अंगठी नजर केली.

पण तो आला होता व्यापारासाठी. इंग्रजांची राजापूरची वखार 1661 मध्ये मराठ्यांनी लुटली होती. तिची भरपाई आणि स्वराज्यात व्यापाराची मोकळीक त्याला हवी होती. भरपाई कबूल झाली, आयात मालावर अडीच टक्के जकातही ठरली. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत देण्याचं कलम मात्र महाराजांना मान्य नव्हतं. असा माल राज्याचा, ही कोकणची जुनी रीत. तहाची ही बाजू राज्याभिषेकाइतकीच महत्त्वाची आहे.

या मुक्कामातली सर्वांत जिवंत आठवण मात्र स्वयंपाकघरातली. गडावरचं रोजचं जेवण म्हणजे तुपातली डाळ-तांदळाची खिचडी. इंग्रजांना तर मटण लागायचं! गडाला मांस पुरवणाऱ्या खाटकाने कित्येक वर्षांत विकलं नव्हतं एवढं मांस त्यांनी त्या मुक्कामात संपवलं. हा खाटीक म्हातारा होता. एवढं मांस खाणारी माणसं दिसतात तरी कशी, हे बघायला तो मुद्दाम गड चढून आला.

खाटकाचं नाव कुणी टिपलं नाही. त्याची ही चढण मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच्या 1698 मध्ये लंडनला छापलेल्या प्रवासवर्णनात आजही वाचायला मिळते.