रिमोट रुसला, पण का?

मे महिन्यातली रायपूरची दुपार ज्याने अनुभवली आहे, त्याला उन्हात उभ्या केलेल्या मोटारीबद्दल वेगळे सांगायला नको. बाहेर पारा चव्वेचाळिसाच्या घरात असतो. बंद गाडीच्या आतले तापमान त्याहून वीस अंशांनी सहज वर चढते. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो.

माझी थोरली बहीण सदर बाजारात राहते. पुढे सराफांच्या दुकानांची रांग, मागे जुने घर आणि बाजूच्या बोळात जेमतेम मावणारी गाडी. भाच्याने दोन वर्षांपूर्वी या गाडीला बाजारातून रिमोट स्टार्टर बसवून घेतला. वरच्या मजल्यावरून बटन दाबायचे, खाली इंजिन सुरू, एसी सुरू. ताई तयार होऊन जिना उतरेपर्यंत गाडी थंडगार. शेजारीपाजारी कौतुकाने बघायचे.

यंदा मी गेलो तेव्हा मात्र भाचा वैतागलेला होता. ‘‘मामा, रिमोटने दारे लॉक होतात, उघडतात, पण गाडी काही सुरू होत नाही. दोनदा सेल बदलला.’’ ओळखीच्या एका फिटरने त्यावर उपायही सुचवला होता. दाराकडून येणारी एक वायर तोडून टाकायची, की रिमोट पूर्वीसारखा चालेल. काम दहा मिनिटांचे होते. भाचा दुसऱ्या दिवशी जाणारच होता.

मी म्हटले, ‘‘अरे, वायर तोडण्याआधी ती कशासाठी होती ते तर पाहू.’’

रिमोट करतो तरी काय?

पूर्वी गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभे राहून हँडल मारावे लागे. अँबॅसडर आणि जीपचे हँडल आजही अनेकांना आठवत असेल. ते उलटे फिरले की मनगट मोडायचे. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला आणि हे संकट टळले. किल्ली फिरवून आपण हाच स्टार्टर चालवतो. रिमोट स्टार्टर ही किल्ली आपल्याऐवजी फिरवतो, एवढेच.

पण किल्ली फिरवणारा माणूस गाडीत बसलेला असतो. गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही, हे तो हाताने चाचपतो. रिमोटला हात नाहीत. म्हणून चांगल्या यंत्राला तीन-चार पहारेकरी दिलेले असतात: बॉनेट उघडे नाही ना, ब्रेकवर पाय नाही ना, हँडब्रेक ओढलेला आहे ना आणि दारे बंद आहेत ना.

साध्या गिअरच्या गाडीत दारांचा पहारा सर्वांत महत्त्वाचा. अशा गाडीत उतरण्यापूर्वी एक विधी करावा लागतो. इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलला आणायचा, हँडब्रेक ओढायचा, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रिमोटचे बटन दाबून किल्ली काढायची, खाली उतरून दारे लावायची. मग इंजिन बंद होते आणि यंत्र नोंद ठेवते, की गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आहे. त्यानंतर एकही दार उघडले, तर आत कोणीतरी गिअर हलवला असेल असे समजून ही नोंद रद्द होते. मग रिमोटने गाडी सुरू होत नाही. ती सुरू होऊ नये, हेच अपेक्षित असते.

घरच्या घरी तपास

आम्ही पुस्तिका शोधून क्रमाने निघालो. आपल्या गाडीलाही हाच क्रम लागू पडेल.

पहिला प्रश्न: त्याच रिमोटने दारे लॉक होतात का? होत असतील तर रिमोट आणि सेल बहुधा ठीक आहेत. होत नसतील तर सेल बदला. काही रिमोटमध्ये ३ व्होल्टचा चपटा सेल असतो, काहींत १२ व्होल्टचा बारीक नळीसारखा. जुना सेल दुकानात दाखवूनच नवा घ्या. दुसरा रिमोट असेल तर तोही वापरून पाहा.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. गाडी काही तास बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजा. किल्लीनेही स्टार्टर कण्हत असेल तर दोष रिमोटचा नाही.

तिसरा प्रश्न: गाडी नुकतीच गॅरेजमधून आली का? मेकॅनिकला इजा होऊ नये म्हणून रिमोट तात्पुरता बंद ठेवण्याची सोय अनेक यंत्रांत असते. ती पुन्हा सुरू करायची राहून जाते. बॉनेटखालचा छोटा स्विच गंजला किंवा वाकला तरी यंत्र बॉनेट उघडे समजते.

चौथा प्रश्न फ्यूजचा. यंत्राच्या जाड वायरवर स्वतंत्र फ्यूज असतात. जळाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तार किंवा चांदी लावू नका, त्याने वायरिंग पेट घेऊ शकते.

गाडी सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल, तर चोरीविरोधी इमोबिलायझर किंवा इंजिन चालू असल्याची खूण देणारी वायर तपासावी लागते. ते काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनचे. काही ठिकाणी इमोबिलायझर चुकवण्यासाठी दुसरी किल्लीच डॅशबोर्डखाली दडवून ठेवतात. तसे केले असेल तर चोराचेच काम सोपे झाले, हे लक्षात असू द्या. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरींना मात्र कोणीही हात लावू नये. त्या एअरबॅगच्या असतात.

दिव्याने सांगितले कारण

आमचे चारही प्रश्न निकाली निघाले, तरी दोष सापडेना. तेवढ्यात लक्षात आले, की लॉक करताना गाडी एकदा जास्तच ‘टुक’ करते. पुस्तिकेत पाहिले, तर त्याचा अर्थ होता, दार उघडे आहे. दारे तर सगळी बंद होती!

मी आतल्या छताचा दिवा पाहिला. त्याचा खटका बंदवर होता. भाऊजी म्हणाले, ‘‘तो दिवा विझतच नव्हता, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मीच बंद केला.’’ खटका मधल्या खुणेवर आणला, तर सगळी दारे लावूनही दिवा लखलखीत! मग एकेक दार उघडून त्याच्या चौकटीतला स्विच बोटाने दाबत गेलो. दोष मागच्या डाव्या दाराच्या स्विचमध्ये निघाला. त्याची रबरी टोपी फाटली होती, आत धूळ आणि गंज. नवा स्विच बसवला. खर्च घरच्या चहा-फराळापेक्षा कमी.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट पुढेच आहे. तपासायला खाली उतरलो तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. आदल्या संध्याकाळी भाऊजींनी ती पुढे-मागे केली होती आणि नेहमीच्या सवयीने गिअरमध्ये उभी केली होती. गाडीच्या तोंडापासून चार हातांवर ओटा. दुपारी तिथे भाच्याची आजी भाजी निवडत बसते.

दाराची वायर तोडली असती, तर गाडीत कोणी शिरले होते हे यंत्राला कळलेच नसते. वरून बटन दाबताच गाडीने पुढे उडी घेतली असती. भाचा कितीतरी वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मामा, वायर राहू दे.’’

एवढे लक्षात ठेवा

बंद गॅरेजमध्ये रिमोटने इंजिन कधीही सुरू करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीव घेतो. रिमोट मुलांच्या हाती देऊ नका. रस्त्यावरही जपून वापरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा. नाही तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य व्यवस्था हवी.

आता ताईच्या घरी नियम झाला आहे. शेवटी उतरणाऱ्याने गिअर हलवून पाहायचा, हँडब्रेक ओढायचा आणि दारे लागल्यावर आतला दिवा विझला का, ते पाहायचे. भाऊजीही तो पाळतात. आजीने ओट्यावरची जागा काही बदललेली नाही. भाचा मात्र बटन दाबण्याआधी खिडकीतून एकदा खाली वाकून बघतो.