फुटबॉल-पोशाख : रंगविषयक नियम

फुटबॉल-सामन्यात दोन्ही संघ, त्यांचे गोलरक्षक व पंच यांच्यात पाहताक्षणी फरक करता यावा, म्हणून केलेले नियम. खेळाच्या १७ नियमांपैकी चौथ्या नियमात त्यांचा अंतर्भाव होतो. संघांचे रंग परस्परांहून व पंचांच्या पोशाखाहून भिन्न असावे लागतात. गोलरक्षकाचा रंग या सर्वांहून वेगळा असतो. दोन्ही गोलरक्षकांचे सदरे एकाच रंगाचे असून बदली सदरा उपलब्ध नसेल, तर मात्र पंच सामना खेळू देतो. रंगसाम्यामुळे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जाण्याचा, तसेच ऑफसाइडसारखे क्षणार्धात द्यावे लागणारे निर्णय चुकण्याचा संभव असतो. सामान्यतः पाहुणा संघ पर्यायी पोशाख घालतो. त्रयस्थ मैदानावर यजमान कोणास मानावयाचे, हे स्पर्धेचे संयोजक ठरवितात.

अर्जेंटिनातील १९७८ च्या विश्वचषक स्पर्धेत फ्रान्स व हंगेरी हे दोन्ही संघ पांढरे पोशाख घेऊन आले. तेव्हा सामना लांबला व फ्रान्सला किंबर्ली या स्थानिक क्लबचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घालून खेळावे लागले. गोव्यात मडगाव येथे २० मार्च २०२२ रोजी झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात हैदराबाद व केरळ ब्लास्टर्स या दोहोंचा मूळ रंग पिवळा होता. यजमान ठरलेल्या हैदराबादने तो राखला. केरळ संघाने पर्यायी पोशाख घातला. पंचांचा पोशाख परंपरेने काळा असे. १९९४ च्या विश्वचषक स्पर्धेपासून इतर रंगही रूढ झाले.