कॅमेरन : वाळूच्या वरंब्यांवरील वस्ती

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या धक्क्याला ३० मार्च २०१८ रोजी एक प्रचंड जहाज येऊन लागले. त्याच्या पोटात अतिशीत करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू होता. 'गेल' या भारत सरकारच्या कंपनीने २०११ साली केलेल्या वीस वर्षांच्या करारान्वये अमेरिकेहून आलेला तो पहिला माल होय. हे जहाज ज्या ठिकाणी भरले गेले ते सबीन पास लुइझियाना राज्याच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, कॅमेरन नावाच्या मुलुखात आहे. जहाजाची वार्ता पुष्कळांनी वाचली असेल; परंतु ज्या किनाऱ्यावरून ते निघाले तेथे कोण राहते, कसे राहते, आणि पुढेही तेथे कोणी राहणार की नाही, हे वायूच्या बातमीत येत नाही. आणि कॅमेरनपुढील खरा प्रश्न तर हाच आहे.

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत जिल्ह्याला 'काउंटी' म्हणतात. लुइझियानात मात्र त्याचे नाव 'पॅरिश'. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपविलेला मुलूख. १८०३ साली अमेरिकेने हा प्रांत फ्रान्सकडून विकत घेतला. त्यापूर्वी तेथे फ्रेंच व स्पॅनिश या कॅथलिक सत्ता नांदून गेल्या होत्या. सत्ता गेल्या, पण शब्द राहिला. कॅमेरन पॅरिश १८७० साली शेजारच्या दोन पॅरिशांचे तुकडे तोडून निर्माण झाली. तिचा विस्तार सुमारे १,९०० चौरस मैल. पैकी एक-तृतीयांश भाग केवळ पाणी आहे. पश्चिमेस सबीन नदी व तिच्यापलीकडे टेक्सस, दक्षिणेस मेक्सिकोचे आखात, आणि मधून कॅल्केशू व मर्मेंटाऊ या नद्या समुद्राला मिळतात. उरलेल्या भागालाही जमीन म्हणताना मन कचरावे, अशीच त्याची स्थिती आहे. नजर पोहोचेल तेथवर लव्हाळ्यांनी भरलेली दलदल पसरलेली दिसते.

या दलदलीत माणूस राहू शकला तो एका भौगोलिक चमत्कारामुळे. शेतात सरी आणि वरंबे काढतात, तद्वत किनाऱ्याशी समांतर अशा वाळूच्या व शिंपल्यांच्या लांबच लांब वरंब्यांची येथे रांग लागली आहे. ते निर्माण केले मिसिसिपी नदीने, आणि तेही दूर राहून. ही महानदी गेल्या काही सहस्र वर्षांत आपले मुख वारंवार बदलत आली. ते पश्चिमेकडे सरकले म्हणजे तिचा गाळ प्रवाहाबरोबर या किनाऱ्याशी येई आणि चिखलाचे पठार समुद्रात पुढे सरके. मुख पूर्वेकडे वळले म्हणजे गाळ आटे. मग लाटा तेच पठार धुऊन चिखल वाहून नेत आणि जड वाळू व शिंपले यांचा बांध रचून ठेवीत. पुन्हा गाळ आला की तो बांध आत राही आणि त्याच्यापुढे नवी दलदल तयार होई. असे सुमारे तीन हजार वर्षे चालले. हे वरंबे भोवतालच्या दलदलीहून अवघे काही फूट उंच. पण तेवढ्याने तेथे गोडे पाणी टिकले आणि सदाहरित ओक वृक्ष वाढले. ओकला फ्रेंच भाषेत 'शेन' म्हणतात. त्यावरून या वरंब्यांना 'शेनिअर' हे नाव पडले. ग्रँड शेनिअर, लिटल शेनिअर ही गावांची नावे त्यावरूनच आली आहेत.

येथे मूळचे लोक अटाकपा हे आदिवासी. पुढे १८०६ साली स्पेन व अमेरिका यांचा सीमेविषयी तंटा मिटेना, तेव्हा सबीन नदीच्या पूर्वेची पट्टी कोणाचीच नाही असे ठरले; साहजिकच ती चोर-चाच्यांना आंदण मिळाली. १८१९ च्या तहाने सीमा निश्चित झाली आणि वरंब्यांवर स्थिर वस्ती होऊ लागली. काही कुटुंबे इंग्रजी बोलणारी होती, तर काही पूर्वेकडून आलेली केजन.

केजन लोकांचा इतिहास हा हद्दपारीचा इतिहास आहे. यांचे पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्सहून आजच्या कॅनडातील अकाडिया प्रांतात गेले होते. समुद्राच्या भरतीला बांध घालून खाजणात शेती करणे ही त्यांची विद्या. अकाडिया ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ नाकारली. म्हणून १७५५ पासून हजारोंना जहाजांत कोंबून देशोधडीला लावण्यात आले. त्यांतील काही १७६४-६५ च्या सुमारास लुइझियानात पोहोचले, तर १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजे भरून आणखी सुमारे सोळाशे माणसे आली. 'अकाडियन' या शब्दाचा उच्चार झिजत झिजत 'केजन' झाला.

कॅमेरनच्या वरंब्यांवर या लोकांनी घरे बांधली, भाजीपाला लावला आणि दलदलीत गुरे चारली. खाडीत कोळंबी, खेकडे व कालवे होती. हिवाळ्यात बदके येत. दलदलीतील केसाळ प्राण्यांची कातडी विकून पैसा मिळे. घर बांधणे किंवा पीक काढणे अशा कामी सारे शेजारी जमत. त्याला ते 'कू द मॅं' म्हणत. आपल्याकडील इर्जिकच ती! त्यांच्या घरोघरी शिजणाऱ्या गंबो नावाच्या दाट कालवणाचे नाव भेंडी या अर्थाच्या आफ्रिकी शब्दावरून आले आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या स्वयंपाकाची ती खूण होय. भाषेची गोष्ट मात्र दुःखाची आहे. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. १९६८ मध्ये त्याच राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी मंडळ स्थापन केले. पण तोवर एक पिढी मुकी झाली होती.

मगरींच्या बाबतीत राज्याला अधिक शहाणपण सुचले. येथील ॲलिगेटर जातीच्या मगरी कातड्यासाठी इतक्या मारल्या गेल्या की १९६२ साली शिकार बंद करावी लागली. ग्रँड शेनिअरजवळील रॉकफेलर अभयारण्यात शास्त्रज्ञांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि १९७२ साली मोजकी शिकार पुन्हा सुरू झाली, ती प्रथम एकट्या कॅमेरन पॅरिशमध्ये. दलदलीच्या मालकाला मगरीपासून उत्पन्न मिळू लागले म्हणजे तो दलदल राखतो, हे त्यामागील तत्त्व होते. ते यशस्वी ठरले.

परंतु समुद्राशी असा हिशेब जमला नाही. २६ जून १९५७ च्या रात्री 'ऑड्री' नावाचे चक्रीवादळ आखातातून येत होते. सखल व उघड्या जागी राहणाऱ्यांनी निघून जावे, असा इशारा वेधशाळेने दिला होता. पण सखल कोणाला म्हणावे? वरंब्यावरचा माणूस पिढ्यानपिढ्या स्वतःला उंचावर राहणारा समजत आला होता. सकाळी पाहू, म्हणून पुष्कळजण झोपी गेले. रात्रीत वादळाने वेग घेतला आणि २७ जूनच्या सकाळी सुमारे बारा फूट उंचीचे पाणी वरंब्यांवरून धावले. चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कित्येकांची ओळखही पटली नाही. गावचे डॉक्टर सेसिल क्लार्क यांची तीन मुले या पुरात गेली. तरी ते जखमींची शुश्रूषा करीतच राहिले. इशाऱ्याच्या शब्दांवरून पुढे सरकारवर दावा झाला. १९६३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. न्यायालयाने काहीही म्हटले तरी कॅमेरनच्या लोकांनी आपला निकाल आपणच लावला होता : पुन्हा वादळ आले तर थांबावयाचे नाही.

हा धडा ते विसरले नाहीत. २४ सप्टेंबर २००५ रोजी 'रीटा' वादळ आले तेव्हा ऑड्रीहूनही मोठी लाट चढली. हॉली बीच नावाची वस्ती समूळ पुसली गेली, दफनभूमीतील शवपेट्यादेखील वाहून गेल्या. तथापि माणसे आधीच निघून गेली होती, त्यामुळे त्या लाटेत कॅमेरनचा कोणी बुडाला नाही. तीनच वर्षांनी, सप्टेंबर २००८ मध्ये, 'आईक' वादळाने पुन्हा पाणी आणले. २७ ऑगस्ट २०२० रोजी ताशी दीडशे मैल वेगाचे 'लॉरा' नेमके कॅमेरन गावापाशी धडकले, आणि ९ ऑक्टोबरला 'डेल्टा' क्रिओल गावाजवळ किनाऱ्यावर आले.

जीव वाचले, पण वस्ती वाचली काय? २००० सालच्या शिरगणतीत या पॅरिशची लोकसंख्या ९,९९१ होती. २०१० साली ती ६,८३९ झाली आणि २०२० साली ५,६१७ — तीही लॉरा येण्यापूर्वी मोजलेली. परत येऊन घर बांधावयाचे तर ते दहा-पंधरा फूट उंच खांबांवर बांधावे लागते, आणि विम्याचा खर्च साध्या कोळ्याला किंवा गवळ्याला झेपत नाही. मोठी जहाजे आत यावीत म्हणून कॅल्केशूचे मुख खोल खणले, त्या वाटेने खारे पाणीही आत शिरले आणि गोड्या पाण्यातील गवत मेले; गवत गेले की मुळांनी धरून ठेवलेली माती जाते, आणि लाट अडविणारी दलदलच नाहीशी होते. अशा किनाऱ्यावर आज वायूचे भव्य कारखाने उभे आहेत. सबीन पासहून १९५७ सालचे गाव गेले त्याच आखातातून २०१६ पासून परदेशी जहाजे भरून जातात. त्या कारखान्याच्या मालक कंपनीने आपले नाव घेतले आहे 'शेनिअर'; ज्या वरंब्यांवरील घरे उठत आहेत त्यांचेच ते नाव.

कॅमेरन गावात १९३७ च्या सुमारास बांधलेली न्यायकचेरी अद्याप उभी आहे. ऑड्रीच्या दिवशी शेकडो लोक तिच्या आश्रयाने वाचले. रीटा आणि लॉराही तिला पाडू शकल्या नाहीत. भिंत भक्कम असेल तर ती पाण्यात टिकते, हे तिने दाखवून दिले. परंतु गाव म्हणजे केवळ भिंत नव्हे. शेजारी, शाळा, चर्च आणि हाक मारताच इर्जिकीला धावणारी माणसे मिळून गाव होते. ज्यांच्या पूर्वजांना १७५५ मध्ये राजाने घराबाहेर काढले, त्यांना आता समुद्र बाहेर काढीत आहे. निघून जावे कधी, हे त्यांनी चारशे माणसांच्या मोलाने शिकून घेतले. परत यावे कसे, हे मात्र त्यांना एकट्याने शिकता येण्यासारखे नाही.